‘वाढवा’ या एका शब्दाबद्दल

माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी त्याच लिहिते. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात बसून मी त्या लिहिते, त्यातली चित्रंही काढते, आणि लोक त्या पिशवीतून बाहेरही न काढता लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवून देतात. आमच्या शेजारणीने तर माझी एक पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली होती. तिच्याकडे मी हसून चहा प्यायले, पण घरी येऊन बराच वेळ धुसफुसत होते.

आमच्या कारखान्यात घरी वापरायची ऑक्सिजनच्या मशिनी तयार होतात. खोलीतली हवा आत घ्यायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीने माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. नवं मॉडेल आलं की ते आधी माझ्या टेबलावर येतं. मी ते चालवते, मुद्दाम चुकीचं चालवून पाहते, प्रत्येक पायरीचा फोटो घेते आणि फोटोवरून साध्या रेघांचं चित्र करते. चित्रात बटण, हात आणि बाण एवढंच ठेवायचं, बाकी सगळं गाळायचं.

चित्रांचं एक वेळ जमतं, शब्द मात्र छळतात. झाकण लावा म्हणजे बंद करा आणि पंखा लावा म्हणजे चालू करा. म्हणून ‘लावा’ मी केव्हाच हद्दपार केला होता. ‘काढा’वरही माझा डोळा असायचा. ‘वाढवा’वर मात्र मला कधी संशय आला नाही. प्रवाह वाढवा, यात कोण काय चुकणार?

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांची फुफ्फुसं कडक होत गेली. आधी बाजार सुटला, मग जिना, मग अंघोळही बसूनच करावी लागली. शेवटी नाशिक रोडच्या आमच्या घरात, त्यांच्या पलंगाशेजारी, मी जिच्यावर पुस्तिका लिहिली होती तसलीच एक मशीन येऊन बसली. दिवसभर मी अंबडला. घरी आई आणि अण्णा दोघंच. आईचा हात चुकला तर अण्णांचा श्वास चुकणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी रोज डबा भरताना तिला तेच तेच विचारायचे, आणि ती वैतागून म्हणायची की मी काय शाळेत जातेय का.

पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती करायची होती, म्हणून मी चित्रं घरी आणली. अण्णांनी पडल्या पडल्या ती डोळ्यांजवळ धरून पाहिली. इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे त्यांनी पहिल्यांदाच असं पाहिलं असेल. मग श्वास घेत घेत म्हणाले, “हा हात कुणाचाच नाही. कुणाचा तरी काढ.”

कुणाचा काढणार? मशीन चालवत होती आई. मी तिचा हात बटणावर ठेवायला लावून फोटो घेतले आणि त्यावरून सगळी चित्रं नव्याने केली. जाड बोटं, अंगठ्याजवळची भाजल्याची खूण, सगळं. बांगड्या तेवढ्या गाळल्या, कारण चित्रात नको ती रेघ आली की लोक गोंधळतात. आईने चित्र पाहिलं आणि तोंड फिरवलं. हात भुंडे काढायचे नसतात म्हणाली. मी तिला रेघांचं शास्त्र समजावू लागले, तर अण्णांनीही तिचीच बाजू घेतली. मग मी प्रत्येक चित्रात दोन बांगड्या काढल्या. कारखान्यात थोडी कुरकुर झाली, पण चाललं.

आईचं माहेर चांदवडचं. तिच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं, आणि त्या घरात दुकान कधी ‘बंद’ झालं नाही. रोज संध्याकाळी ते वाढवलं जायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली नाही, वाढली. बंद, विझणं, फुटणं असले शब्द चालत्या घरात तोंडातून काढायचे नाहीत, म्हणून त्यांच्या जागी हा एक शब्द, अगदी उलट अर्थाचा. लहानपणी मी तिला चिडवायचे, “आई, टीव्ही वाढवू का?” ती म्हणायची, चेष्टा पुरे. हे सगळं मला माहीत होतं. पण ते घरातलं मराठी होतं आणि पुस्तिकेतलं निराळं. दोन्ही एकाच कपाटात राहतात हे लक्षात आलं नव्हतं.

एका दुपारी आईचा फोन आला. अण्णांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता आणि त्यांना धाप लागली होती. असं झालं तर मशीनच्या काचेच्या नळीतली प्रवाह दाखवणारी गोटी एक रेघ वर न्या आणि आम्हाला कळवा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी कामाच्या खोलीत होते, मागे यंत्रांची घरघर. ओरडूनच म्हणाले, “आई, मशीन वाढव. आधी मशीन वाढव.”

“वाढवली,” ती म्हणाली.

आकडा विचारला, तर तो आणखी उतरलेला. मी पुन्हा वाढव म्हणाले. ती चिडली, वाढवलीय म्हणून सांगतेय ना, आणखी काय वाढवू. तोवर मी पळत बाहेर आवारात आले होते, आणि तिथल्या शांततेत मला तिच्या आवाजामागे काहीच ऐकू येईना. ती मशीन सतत घरघरते. आमच्या घरातून आलेल्या प्रत्येक फोनमागे ती घरघर असायची. मशीन बंद होती.

मी तिला हिरवं बटण दाबायला सांगितलं. आधी एक ठोका, मग घरघर ऐकू आली. मग गोटी एक रेघ वर. मग मी फोनवर आणि ती पलंगाजवळ, दोघी त्या आकड्याची वाट पाहत राहिलो. तो चढला, पण सावकाश, आमचा जीव खाऊन. डॉक्टरांना मी रिक्षातूनच फोन केला. रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली तेव्हा समोरच्या सगळ्या गाड्यांचा मला भयंकर राग आला.

घरी पोचले तेव्हा आई पुस्तिका मांडीवर घेऊन बसली होती. “मला वाटलं मशीन तापलीय, म्हणून वाढवायला सांगतेयस,” ती म्हणाली. “बंद कर असं तू कशाला म्हणशील? ह्यांच्या श्वासाची मशीन ती.”

तिने माझ्या बोलण्यातलं शहाणपण शोधलं होतं. मी तिच्यासारखीच जपून बोलले असेन, असं तिला वाटलं होतं. अण्णा डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने तसेच म्हणाले, “आज मलाच वाढवत होतात दोघी.” आम्ही तिघंही हसलो. त्यांना खोकला आला, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिकेतला प्रत्येक ‘वाढवा’ खोडला. त्याच्या जागी लिहिलं, ‘नळीतली गोटी वर न्या’, आणि ‘कमी करा’च्या जागी ‘गोटी खाली आणा’. साहेब म्हणाले, सगळा महाराष्ट्र वाढवा म्हणतो, तुलाच काय झालं. मी म्हटलं, माझी आई नाही म्हणत. मग कारणही सांगितलं, आणि त्यांनी बदल मान्य केला. नवा मसुदा मी आईवरच तपासला. ती ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायची आणि तसं करायची. गोटी वर जायची, तिचा चेहरा उजळायचा. शेवटच्या पानावर ‘मशीन बंद करा’ असं होतं. ती ओळ तिने मोठ्याने वाचली नाही. बोट फक्त तिच्यावरून फिरवलं आणि पान मिटलं.

अण्णा गेले ते थंडीतल्या एका सकाळी. पलंगावर ऊन आलं होतं. डॉक्टर आले, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर कुणाला तरी फोन करायला गेले. खोलीत आम्ही दोघी. आणि मशीन चालूच. गोटी आपल्या रेघेवर तरंगत होती, नळीतून हवा येत होती, नाकाशी पोचत होती, आणि ती घेणारं कुणी नव्हतं. कुणीतरी ती थांबवायला हवी होती. मी उठले नाही. ती घरघर चालू आहे तोवर ते अजून थोडे इथे आहेत, असं मला खरंच वाटत होतं.

आई त्यांच्या उशाशी बसली होती. तिने त्यांच्या नाकावरची नळी काढली, केस सारखे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “वाढव आता.”

या वेळी मला लगेच कळलं. मी मशीनपाशी गेले. ते बटण मी किती वेळा काढलं असेल, समोरून, बाजूने, बाणासकट. ते मला दिसेना. डोळे भरून आले होते आणि हात नुसता पत्र्यावरून फिरत होता. आई उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि माझा हात धरला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या. तिने माझं बोट बटणावर नेऊन ठेवलं आणि वरून आपलं दाबलं.

घरघर थांबली. गोटी खाली आली आणि नळीच्या तळाशी बसली.