पांढऱ्या साडीखालची फळी

वास आधी आला. सुती कापड तापले की भाजत्या भाकरीसारखा एक कोरडा, उबदार गंध सुटतो. तो माझ्या इतक्या ओळखीचा आहे, की डोळे मिटूनही इस्त्री किती तापली आहे ते मी सांगू शकते. हा वास तो नव्हता. हा गोडसर होता, जड होता, उन्हात विसरलेल्या डिंकाच्या बाटलीसारखा होता. माझ्या हाताखाली पांढरीशुभ्र साडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच साडीत एका मुलीचे विहारात लग्न लागायचे होते. आणि त्या साडीखाली, मी स्वतः नटवलेल्या फळीत, काहीतरी वितळत होते.

जवळा बाजारच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये माझे इस्त्रीचे दुकान आहे. दुकान माझे, शेड माझी, फळीही मीच केलेली. मोडीत निघालेल्या दाराचे एक पान विटांच्या दोन ठोकळ्यांवर टाकले, वर घोंगडीच्या दोन घड्या, त्यावर चादर. ही चादर मात्र माझी वैरीण होती. इस्त्रीबरोबर सरकायची, चुण्या धरायची, आणि आपली चुणी गिऱ्हाइकाच्या कपड्यावर उठवायची. आपण सरळ करायला बसावे आणि खालचा आधारच वाकडा निघावा, याहून मोठी चिडचिड कोणती? म्हणून आठवडी बाजारात ते कापड दिसताच माझा जीव त्यात अडकला. पाठीला डिंक, डिंकावर गुळगुळीत कागद. कागद सोलायचा, कापड बसवायचे, की ते जागचे हलायला नको!

पण जीव अडकला आहे हे विकणाऱ्याला कळू द्यायचे नसते. आपली गरज सांगितली की भाव चढतो, ही विद्या मी कोणाच्या पाया पडून नव्हे, उन्हात उभे राहून शिकले आहे.

“बाई, कशाला पायजे?” त्याने विचारले.

“तुमाला काय करायचं? भाव बोला.”

“कशावर लावायचं ते सांगा, तसा माल देतो.”

“माझ्या कपाळावर लावायचं हाय. बोला भाव!”

शेजारचा भांडीवाला फसकन हसला. कापडवाला ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस घासाघीस नीट करू शकत नाही, हेही मला ठाऊक होते. शेवटी गुंडाळीचे उरलेले टोक त्याने माझ्या पिशवीत कोंबले. “घ्या माय, घ्या! पण परत घिऊन येऊ नका.” मी गड जिंकल्यासारखी घरी आले. हे कापड ताप सोसेल का, हा एकच प्रश्न विचारायचा होता. तो विचारला असता तर गरज उघडी पडली असती. म्हणून मी तो गिळला.

तुकडा फळीपेक्षा वीतभर आखूड निघाला, म्हणून दुसरा तुकडा कापून जोड दिला. चादर काढून घोंगडीवर ते कापड चिकटवण्यात मी दुपारभर रमले. कागद बोटभर सोलायचा, कापड टेकवायचे, वाटीच्या बुडाने मधून कडेकडे हवा रेटत न्यायची, पुन्हा बोटभर सोलायचे. घाई केली की खाली बुडबुडा राहतो आणि तो सुईने टोचून बसवावा लागतो. कोपऱ्यांना चीर देऊन कडा खाली दुमडल्या, तेव्हा फळी ढोलकीसारखी ताणून बसली होती. पुढचे चार दिवस शाळेचे गणवेश, सदरे, धोतरे तिच्यावरून सुखरूप गेली. मला वाटले, जिंकले! पण सदऱ्यावरून इस्त्री धावून जाते. खळीच्या सुती साडीला ताप जास्त लागतो, आणि इस्त्री जागेवर दाबून धरावी लागते.

मी साडी उचलली. ती सहज उठली नाही. चर्र असा बारीक आवाज करून सुटली. जिथे दोन तुकड्यांचा जोड होता, नेमका तिथे पिवळसर, चिकट, करंगळीएवढा डाग! ओल्या फडक्याने टिपला तर तो फिकट झाला, पण पसरू लागला. मी हात मागे घेतला.

एवढ्याशा डागाचे एवढे भय कसले, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर असा एक डाग आधीच होता, आणि तो माझा नव्हता. पूर्वी मी हिंगोलीत एका इस्त्रीवाल्याकडे कामाला होते. मालकाच्या भाच्याने एक सदरा जाळला. मालकाने जळका भाग आत जाईल अशी सुबक घडी घातली आणि सदरा देऊन टाकला. गिऱ्हाईक परत आले तेव्हा मालकाने माझ्याकडे बोट दाखवले. “हिचा हात जड हाय.” त्यानंतर तो माझ्या पाठीमागे उभा राहून माझे हात बघायचा. मी भांडले, काम सोडले, इथे येऊन दुकान उभे केले; पण ते वाक्य माझ्याआधी इथे पोचले होते. कितीतरी दिवस बाया भारी साड्या माझ्याकडे द्यायला बिचकत. आता हा डाग दिसला, तर ते खोटे वाक्य खरे ठरणार नव्हते का?

आणि उपाय तर हातातच होता. तीन घड्या. डाग आत.

अर्धी साडी इस्त्रीविना होती, तरी मी घड्या घातल्या. हो, घातल्या! लपवून काय उपयोग? तेवढ्यात मुलीची आई, शांताबाई, शेडच्या तोंडाशी आल्या.

“झाली का गं वच्छला? पाव्हणे यायलेत, लवकर दे.”

मी साडी पुढे केली. त्यांनी हात लावला, आणि माझ्याच्याने ती सोडवेना. घडी सुबक होती, अगदी त्या मालकाने घातली होती तशी. मी साडी मागे ओढली, उलगडली, आणि डाग वर आणला.

“हे बघा. फळीचा डिंक लागला. माझ्याच हातानं झालं.”

“अवं माय!” त्यांनी डाग नखाने खरवडून पाहिला. “उद्या लगीन हाय आन् तू हे आता सांगून राहिली?”

“आत्ताच झालं, आत्ताच सांगते. अर्धी साडी राहिलीय अजून.”

त्यांनी रस्त्यापलीकडे कासाराकडे बांगड्या भरत बसलेल्या लेकीला, पूजाला, हाक मारली. पूजाने ड्रेसवरूनच साडीचा एक फेरा घेऊन पाहिला. “आई, हे तर कमरेत खोसायचं टोक हाय. कोणाला दिसतंय?”

“आन् दिसलं म्हंजे?”

“म्हणीन, मावशीनं सही करून दिली.”

शांताबाई हसल्या नाहीत. “राहिलेली अर्धी कोन करनार?” असे त्यांनी विचारले, ते मला नव्हे, रस्त्याला विचारल्यासारखे. पूजाने साडी माझ्या हातात ठेवली.

फळीवरची घोंगडी डिंकाने माखली होती, ती मी सोडवली नाही. घरून दुसरी आणली, जमिनीवर अंथरली, वर धुतलेली चादर घातली. शांताबाई जायला वळल्या, तेव्हा आयुष्यात कधी कोणाला म्हटले नव्हते ते मी म्हणाले: “जाऊ नका. इथं बसा, आन् माझ्या हातांकडं बघत राहा.”

त्या बसल्या. मी इस्त्री टेकवली. दर हाताला मी साडीची कड उचलून खाली पाहत होते, आणि माझ्याबरोबर त्याही वाकून पाहत होत्या.