काढून ठेवलेले दिवे

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि लिहिणाऱ्या बहुतेकांना मनातल्या मनात औषध लिहून देते. कुणाला झोपेची गोळी, कुणाला चष्मा. मी जनावरांची डॉक्टर आहे. म्हशीला नजर लागली, गाईला कुणी काही केलं — असल्या केसेस माझ्याकडे नेहमी येतात आणि शेवटी निघतात जंत, नाहीतर पोटात गेलेली प्लास्टिकची पिशवी. त्यामुळे इथे लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट घशात अडकली आहे… गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

मी राहते भोरला. प्रॅक्टिस खासगी, त्यातली निम्मी वेल्ह्याकडे. आता राजगड तालुका म्हणायचं, पण जीभ वळत नाही. तिकडच्या वाड्यांवर जायला माझ्याकडे एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. आषाढात त्या भागात दुपारीच अंधारून येतं, धुकं रस्त्यावर उतरतं आणि गाडीचे मूळ दिवे त्यात काही कामाचे राहत नाहीत. म्हणून बंपरवर दोन जादा दिवे लावून घेतले होते. मोठे, गोल, पिवळ्या काचेचे हॅलोजन. आमचे हे म्हणतात, गाडी समोरून बेडकासारखी दिसते. दिसू दे, त्यांना कुठे रात्रंदिवस चिखलात जायचं असतं.

त्या दिव्यांचा आणखी एक उपयोग होता. गुंजवण्याच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत जातो आणि ओढ्याशी संपतो. ओढ्यापलीकडे थोड्या घरांची वाडी आहे. तिथे मोबाईलला रेंज नाही; फोन करायचा तर मागच्या टेकाडावर चढावं लागतं. त्यामुळे आमची एक पद्धतच पडून गेली होती. वरच्या वळणावर आले की मी पिवळे दिवे दोनदा लावायचे-विझवायचे. समोरच्या घरातून बॅटरी हलायची. ती दिसली की मी आणखी एकदा दिवा लावायचा — 'कळलं' म्हणून. तेवढ्यात तिकडे चुलीवर पाणी चढायचं, जनावर बांधून व्हायचं आणि कुणीतरी माझ्या बॅगा घ्यायला ओढ्यापाशी येऊन थांबायचं.

गेल्या पावसाळ्यात त्या दिव्यांची वायर तापायला लागली. स्विचला करपट वास यायचा. एका सकाळी गाडी किकवीला हायवेवरच्या दत्ताभाऊंकडे नेली. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम ते करतात.

"म्याडम, ह्ये हॅलोजन लई करंट खात्यात," ते म्हणाले. "एलईडी टाकू. रिले टाकून वायरिंग सेपरेट करतो, पुन्यांदा बघायला नको."

मी हो म्हटलं. त्यांनी जुने दिवे काढून पोत्यात घातले, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळली. मग नवे दिवे बंपरला लावायला गेले तर भोकं जुळेनात. वेल्डरला बोलवावं लागणार, आणि वेल्डर गेला होता वरव्याला कुणाच्या तरी शेडच्या कामावर. आता येतो, मग येतो करत दुपार झाली. मी जीपमध्ये बसून तिसरा चहा पीत होते, तेव्हा सुदामचा फोन आला. सुदाम म्हणजे त्या वाडीतल्या हौसामावशींचा जावई, भातलावणीसाठी आलेला.

"म्याडम, म्हस अडलीया. सकाळधरनं वेणा देती, पर भाईर काय बी येईना. खालच्या आळीचा नाना दोर घिऊन आलाय. वढून काढतो म्हनतुया."

म्हैस इतका वेळ वेणा देते आणि काहीच पुढे येत नाही, तेव्हा पुष्कळदा गर्भाशयाला पीळ पडलेला असतो. तसं असेल आणि बाहेरून दोर लावून ओढलं, तर आत सगळं फाटतं आणि जनावर हातचं जातं. "ओढू देऊ नका, मी निघाले," असं मी सांगत होते, पण फोन मध्येच तुटला. परत लावला, लागला नाही.

हौसामावशी एकट्या राहतात. ही म्हैस त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिची आई ती तान्ही असतानाच साप चावून गेली. मावशी तिच्याशी दिवसभर बोलतात. लेक बोलावते तरी सासवडला राहायला जात नाहीत ते हिच्यापायी. ती गेली तर त्या घरात बोलायला कोण, हे मला फोन तुटल्या क्षणी दिसलं. तशा अवस्थेत माझं बोट सवयीने जादा दिव्यांच्या स्विचवर गेलं आणि मी तो दोनदा दाबला. किकवीत, गॅरेजच्या दारात, बंपरवर दिवे नसताना. माझं मलाच हसू आलं. दत्ताभाऊंना म्हटलं, राहू दे आता, उद्या बघू, आणि तशीच निघाले.

नसरापूर, मार्गासनी… साखर गावाच्या पुढे धुक्याने रस्ता गिळला. कच्च्या रस्त्यावर तर खिडकीतून डोकं बाहेर काढून, बैलगाडीच्या चालीने गाडी चालवली. वळणावर मूळ दिवे दोनदा उघडझाप केले, पण तो उजेड धुक्यातच विरला. समोरून काही बॅटरी हलली नाही.

ओढ्यापाशी सुदाम पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता. तो माझ्याकडे बघेना, बंपरकडे बघत राहिला.

"म्याडम, दिवं कुठं गेलं?"

"किकवीला आहेत. सकाळीच काढले. म्हैस कशी आहे?"

"हाय," एवढंच म्हणाला. बॅगा उचलून पुढे चालू लागला.

गोठ्यात नाना भिंतीला टेकून फुगून बसले होते. दोर त्यांच्या पायाशी, तसाच गुंडाळलेला. मी आत हात घालून पाहिलं, पीळच होता. मग म्हशीला पेंढ्यावर आडवं केलं, आतलं गर्भाशय जागीच दाबून राहावं म्हणून पोटावर फळी ठेवली, नानांनाच फळीवर उभं केलं आणि सगळ्यांनी मिळून तिला लोळवलं. पहिल्यांदा जमलं नाही. पुन्हा लोळवली तेव्हा पीळ सुटला. रेडकू मेलेलंच निघालं, ते लपवत नाही. पण म्हैस वाचली. थोड्या वेळाने उठून उभी राहिली आणि तिने गवताला तोंड लावलं. मावशी तिच्या गळ्याला मिठी मारून रडल्या.

चहा पिताना नाना म्हणाले, "बाई, दिवं दावल्यावर लई येळ लावलात. आमी म्हनलं, रुतली गाडी."

मी विचारलं, कसले दिवे. तेव्हा सगळं बाहेर आलं. सुदाम फोन करून टेकाडावरून उतरत होता. त्याला माझं बोलणं काहीच ऐकू गेलं नव्हतं. इकडे नाना दोराला फास करत होते. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या मावशींना वरच्या वळणावर पिवळे दिवे दिसले. दोनदा. त्यांनी बॅटरी हलवली. परत एकदा दिवा लागला. मग त्या गोठ्यात येऊन नानांना म्हणाल्या, "बाई वळनावर आली. आता दोराला हात लावायचा न्हाई." सुदामलाही उतरताना ते दिवे दिसले. गाडी खाली येईना म्हणून तो ढकलायला वळणापर्यंत गेला, तर तिथे कुणीच नव्हतं. चाकाचा माग होता का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पावसात कसा दिसंल?"

आमच्या ह्यांचं म्हणणं, राजगडला निघालेले पर्यटक चुकून आत आले असतील आणि वळणावरून परत फिरले असतील. हल्ली पिवळे दिवे सगळेच लावतात. असेलही. पण पर्यटक बॅटरी बघून परत एकदा दिवा कशाला लावतील? म्हणे योगायोग. मी दत्ताभाऊंना विचारलं, की त्या दुपारी माझे दिवे दुकानातच होते ना. त्यांना वाटलं मी चोरीचा संशय घेतेय. पोतं उघडून समोर ठेवलं आणि म्हणाले, "बघून घ्या तुमचं तुमी." किकवीत दाबलेल्या स्विचबद्दल मी ह्यांना बोलले नाही. ते इथेच वाचतील.

दुसऱ्या दिवशी म्हैस बघायला गेले. मावशींनी चिकाची किटली हातात दिली.

"ह्यो तुमचा. त्याचा वळनावर ठिवलाय."

"कुणाचा?"

"आला हुता त्याचा."

मी म्हटलं, मावशी, कुणी आलं नव्हतं, तुम्हाला भास झाला.

"आसंल बया. मंग दोर कुनी थांबिवला?" मीठ बरोबर पडलंय का विचारावं तशा सुरात त्या म्हणाल्या.

खरं सांगते, मला राग आला. कोपरापर्यंत हात आत घालून घामाघूम झाले मी, आणि निम्मा चीक दुसऱ्याच कुणाला. परत जाताना वळणावर एका दगडावर पळसाच्या पानांचा द्रोण दिसला. मी गाडी थांबवली नाही, पण सबंध रस्ताभर तोच हिशेब डोक्यात चालू होता, आणि अजूनही तो सुटलेला नाही. पीळ मी सोडवला, त्यात शंका नाही. पण त्याआधी नानांनी दोर ओढला असता तर माझ्या तिथे पोचण्याला काही अर्थ नव्हता, हे डॉक्टर म्हणून मला पक्कं माहीत आहे. बाकीचं मला काहीच माहीत नाही.