खांद्यावर तीनदा

डेन्झिल ट्रेगेन्झाच्या मोटरसायकलवर पुढे कोण बसणार, हा प्रश्न तीस वर्षं कुणाला पडलाच नव्हता. पुढे डेन्झिल, मागे त्याची बायको एव्हरिल. इंग्लंडमधल्या सॉल्टॅश गावाहून पूल ओलांडून प्लिमथच्या धक्क्यावर जायचं, गाडी बोटीत चढवायची, रात्र समुद्रावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी सांतांदेरला उतरून स्पेन-पोर्तुगालचे घाट तुडवायचे, हा त्यांचा दर जूनचा नेम. क्लबातले दहा-बाराजण बरोबर असायचे आणि सगळ्यांच्या पुढे डेन्झिलची गाडी. म्हणजे त्या सगळ्यांत एव्हरिलचा नंबर दुसरा. पण ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नव्हती.

यंदा बोटीच्या पोटात गाडी उभी केल्यावर खलाशानं सीटवरून पट्टा आवळला आणि सवयीनं डेन्झिलला विचारलं, "साहेब, गियरमध्ये ठेवलीय ना?"

"तिला विचार," डेन्झिल म्हणाला.

मागून क्लेम आला. डेन्झिलनंतर क्लबाचं पुढारपण त्याच्याकडे आलं होतं, आणि चेष्टा करायचं काम तर पहिल्यापासूनच त्याच्याकडे होतं. "काय गड्या, मागची गादी मऊ आहे का? आणि पर्स आणलीस ना? मागे बसणाऱ्याला पर्स लागते."

सगळे हसले. एव्हरिलही हसली, कारण बोलणं गमतीचं होतंच. मग तिनं नवऱ्याची लाल झालेली मान पाहिली आणि तिला हसल्याचं वाईट वाटलं.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी डेन्झिलच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग धरला. ताटाची कड दिसायची, ताटातला मासा दिसायचा नाही. माणूस समोर उभा असला की त्याचा चेहरा पुसल्यासारखा, बाजूची कुंडी मात्र स्वच्छ. डॉक्टरांनी सांगितलं की हे सुधारणार नाही, आणि गाडीचा परवाना गेला. गोदीत जन्मभर रंगारी म्हणून काम केलेला, एका जागी न बसणारा हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहू लागला. खिडकीतून काही बघायचाही नाही.

एव्हरिल शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीनशे मुलांचं जेवण वेळेवर वाढणाऱ्या बाईला घाबरवणं सोपं नसतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं मोटरसायकल शिकायला घेतली. दोनदा नापास झाली, गुडघा फोडून घेतला, तिसऱ्यांदा पास झाली. घरी येऊन तिनं परवाना टेबलावर ठेवला, तेव्हा डेन्झिलनं तो हातात धरून बराच वेळ तिरका तिरका करून पाहिला.

"मी? मागे बसू?" तो म्हणाला.

"मी बसलेच ना."

"तुझं वेगळं होतं."

बरेच दिवस ते तिच्या मनात राहिलं. शेवटी तो एका अटीवर तयार झाला. एकदाच बसेन, आणि परत आलो की गाडी शेजारच्या जागोला विकून टाकायची. जागो ती कधीपासून मागत होता, डेन्झिलनं त्याला तसा शब्दही दिला. गाडी गेली की नवरा खुर्चीतून उठणार नाही, हे एव्हरिलला ठाऊक होतं. तिला भीती वाटायची ती त्या खुर्चीची.

आता या दोघांमधली एक गोष्ट सांगायला हवी. क्लबातल्या सगळ्यांनी हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रं घेतली, डेन्झिलनं घेतली नाहीत. "गाडीवरसुद्धा बोलायचं? मग घर काय वाईट आहे?" असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्यांचं बोलणं हातानं चालायचं. हेल्मेटवर एक टपली म्हणजे हळू चालव. पाठीवर दोनदा थोपटलं म्हणजे थांब, पोटात चहा फार झालाय. आणि खांद्यावर तीनदा थोपटलं म्हणजे तिकडे बघ, काहीतरी आहे. पहिल्या दोन खुणा डेन्झिल मानायचा. तिसऱ्या खुणेला तो डावा पंजा जरासा वर करायचा, त्याचा अर्थ होता, पुढे बघू. मागे क्लब आहे, वळण आहे, मुक्काम गाठायचाय, पुढे बघू. तीस वर्षांत एव्हरिलनं अशा कितीतरी गोष्टी मान मागे वळवून नाहीशा होईपर्यंत पाहिल्या होत्या.

यंदा टपल्या मारायची पाळी डेन्झिलची होती, आणि त्यानं कंजुषी केली नाही. सांतांदेर सोडल्यापासून प्रत्येक वळणावर हेल्मेटवर टक्. डोंगर सुरू झाले तसं टक् टक् टक्. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, तरी तो मान ताठ करून तिच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूकडे टक लावून बसायचा आणि मनातल्या मनात गाडी चालवायचा. जेवणाच्या थांब्यावर सगळे मेंढीच्या चीजची तारीफ करत होते, हा एकटा पावाचे तुकडे करत बसला.

"काय दिसलं रे तुला दिवसभर?" एव्हरिलनं सहज विचारलं.

"हेल्मेट," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी ते पोर्तुगालमध्ये शिरले. ब्रागांसा शहराच्या अलीकडे एका खेड्यात रस्त्याला फाटा फुटत होता. क्लेमनं वेग कमी केला, त्याच्या मागच्या गाडीकडे बघून बोटानं कोपरा दाखवला आणि पुढे निघून गेला. ती मागची गाडी होती एव्हरिलची.

क्लबाची ही जुनी रीत होती. प्रत्येक वळणावर पुढाऱ्याच्या मागच्यानं थांबायचं आणि येणाऱ्यांना रस्ता दाखवायचा. सगळ्यांत शेवटी नारिंगी जाकीट घातलेला माल्कम येतो. तो आला की मगच कोपरा सोडायचा, त्याआधी आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. मागे कुणी पडलं, गाडी बिघडली, तर कुठल्या दोन कोपऱ्यांमध्ये शोधायचं ते त्यामुळेच कळतं. हा नियम घालून देणारा डेन्झिलच. पण पुढारी कधी कोपऱ्यावर उभा राहत नाही, त्यामुळे आपला नियम पाळायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती.

एकेक करून सगळे गेले. हात हलवून, हॉर्न वाजवून गेले. माल्कम आला नाही. पाच मिनिटं झाली, वीस झाली. फोनला रेंज नव्हती. उन्हात डांबराचा वास येऊ लागला.

"चल, निघू," डेन्झिल म्हणाला. "माल्कम बसला असेल कुठेतरी कॉफी ढोसत."

"आला की जाऊ."

"अगं, रस्ता मला पाठ आहे. डावीकडेच जायचंय."

"रस्त्याचं कोण बोलतंय? कोपरा सोडला तर पुढच्या वर्षी क्लबाबरोबर यायचं नाही, हे कुणी ठरवलं होतं? बिचाऱ्या रॉजरला घरी बसवलंस तू."

"मला पुढचं वर्ष कुठे आहे?" डेन्झिल म्हणाला. त्याला जे बोलायचं नव्हतं तेच तोंडून निघून गेलं होतं. तो रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. एव्हरिलला त्याच्यामागे जावंसं वाटलं. पण ती गाडीपाशीच थांबली.

समोरच्या घरातून एक म्हातारी हे सगळं बघत होती. ती काळ्या झग्यातली बाई आत गेली आणि एक खुर्ची घेऊन आली. अक्रोडाच्या सावलीत ती मांडून तिनं डेन्झिलची बाही धरली आणि त्याला खाली बसवलं. मग वाडगाभर चेरी आणून त्याच्या मांडीवर ठेवल्या. एव्हरिलला मात्र खुर्ची मिळाली नाही. पुरुष माणूस एवढी मोठी गाडी हाकून दमला असणार, असा म्हातारीचा हिशेब दिसत होता.

म्हातारीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "इल्दा." मग तिनं गाडीकडे बोट केलं, डेन्झिलकडे केलं, दोन्ही मुठी पिरगाळून गाडी चालवल्याची नक्कल केली आणि भुवया उंचावल्या. तुझीच ना?

डेन्झिलच्या तोंडात चेरी होती. त्यानं सावकाश बी काढली. एव्हरिलला वाटलं, आता हा मान हलवून हो म्हणेल, आणि म्हणाला तर म्हणू दे. इथे कुणाला काय कळणार होतं?

त्यानं अंगठा उचलून बायकोकडे दाखवला.

इल्दाला ते पटलं नाही. तिनं परत विचारलं. त्यानं परत एव्हरिलकडे दाखवलं, मग स्वतःकडे दाखवून अंगठा मागे नेला. मी मागे. म्हातारीनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले आणि रस्त्यापलीकडे कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली. बघता बघता तीन बायका, हातात पक्कड असलेला एक माणूस आणि एक कुत्रा गोळा झाले. एका बाईनं एव्हरिलचा दंड दाबून पाहिला. पक्कडवाला गाडीभोवती फिरून आला, मग काहीतरी बोलला आणि सगळ्या बायका त्याच्यावरच हसल्या. बहुतेक, तुझी बायको कधी चालवणार, असं विचारलं असावं. कारण तो गप्प झाला.

डेन्झिलही हसला. या दौऱ्यातलं ते त्याचं पहिलं हसू होतं. इल्दा आत जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आली, ती एव्हरिलसाठी.

दोघं शेजारी शेजारी बसून चेरी खात होते. बाया आपापल्या कामाला गेल्या. डेन्झिलची नजर रस्त्यापलीकडच्या चर्चच्या दाराकडे होती.

"वर काय आहे गं? घंटेच्या वर. हलतंय."

एव्हरिलनं पाहिलं. "करकोच्याचं घरटं. तुला दिसलं?"

त्यानं मान वर करून घरट्याकडे सरळ पाहिलं. "गेलं." मग परत दाराकडे पाहिलं. "आलं. दोन आहेत का? एक उभा आहे."

"दोन. दुसरा बसलाय."

तो मान न हलवता बसून राहिला. मग त्यानं एकेक करून विचारायला सुरुवात केली. ते लाल लाल वाळत घातलंय ते काय, सतरंजी का? त्या भिंतीवर मांजर आहे की कुंडी? मांजर असेल तर शेपटी कुठे आहे? लहान मूल गाडीत बसल्यावर विचारतं तसा तो विचारत होता. निम्मं त्याला बरोबर दिसत होतं.

"कडेचं दिसतं म्हणून डॉक्टर सांगत होता," तो म्हणाला. "कडेचं काय बघायचं असतं, म्हटलं मी."

"मग गाडीवर समोर कशाला बघत बसतोस?" एव्हरिल म्हणाली. "समोर बघायला मी आहे."

 पुढची चेरी त्यानं तोंडात घातलीच नाही, हातातच धरून ठेवली.

दीड तासानं माल्कम आला. साखळी तुटली होती आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दोघांना सावलीत खुर्च्यांवर बसून चेरी खाताना पाहून तो हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "मी म्हटलं, तुम्ही गेला असाल. मजा आहे बुवा तुमची."

"कोपरा सोडायचा नसतो," डेन्झिलनं त्याला ऐकवलं.

ते निघाले. पहिलं वळण आलं, एव्हरिलनं सवयीनं मान आखडून घेतली. टपली पडली नाही. दुसऱ्या वळणालाही नाही. मागे वजन हलतंय असं तिला जाणवलं. डेन्झिल मान वळवून बाजूला बघत होता. दरी उघडली, बदामाची झाडं मागे पडू लागली. क्लेम पुढे कुठेतरी घड्याळाकडे बघत असणार, माल्कम मागे चिकटलेला होता, आणि तेवढ्यात तिच्या खांद्यावर थोपटलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा.

तिचा डावा पंजा आपोआप वर उठला. वळण होतं, मागे माणूस होता, मुक्काम लांब होता. पुढे बघू, असं तो पंजा म्हणणार होता, आणि आपला नवरा इतकी वर्षं का थांबला नाही हे एव्हरिलला त्या क्षणी कळलं. रागानं नव्हे, दुर्लक्षानंही नव्हे. पुढे बसलं की असंच होतं.

तिनं पंजा खाली घेतला आणि रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" माल्कम मागून ओरडला.

"काही नाही. काहीतरी बघायचंय."

डेन्झिल उतरला आणि खालच्या शेताकडे हात करून दुसरीकडेच बघत म्हणाला, "तिथे. पांढरं, गोल. घर आहे का? पण खिडक्या नाहीत. काय असेल ते?"

एव्हरिलनं पाहिलं आणि हेल्मेट काढून गाडीवर ठेवलं. घोड्याच्या नालेच्या आकाराची पांढरी भिंत, उतरतं छप्पर, माणूस वाकून शिरेल एवढंच एक दार. तेच होतं, या दरीत याच उतरणीवर.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मुलं लहान होती तेव्हापासून मला हाच प्रश्न पडलाय."

"म्हणजे तू आधी पाहिलंयस हे?"

"दरवेळी. इथून गेलो की दरवेळी."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की," एव्हरिल म्हणाली. "तीनदा थोपटून."

 डेन्झिलनं तिचा कोपर धरला आणि दोघं बांधावरून खाली उतरू लागले. तो पाय चाचपत होता, ती दगड दाखवत होती. दारापाशी पोचून तिनं फळीवर हात आपटला, तशी छपराखालच्या भोकांमधून कबुतरं भरारा बाहेर पडली आणि दोघांच्या डोक्यावरून दरीवर पसरली. डेन्झिल जमिनीकडे बघत होता. त्यामुळे त्याला सगळी दिसली.

"कबुतरखाना," तो म्हणाला. "एवढ्यासाठी इतकी वर्षं?"

"एवढ्यासाठी."

वरून माल्कमचा हॉर्न वाजला. डेन्झिल हलला नाही.

"असं किती वेळा थोपटलंस गं?"

"मोजलं नाही कधी."

"पन्नास?"

"पन्नास तर पहिल्या दोन दौऱ्यांत झाल्या असतील."

कबुतरं एकेक करून परत येऊन छपरावर बसू लागली. त्यानं ती बसेपर्यंत वाट पाहिली, मग वर जायला वळला. गाडीपाशी आल्यावर त्यानं आपणहून तिच्या खांद्यावर हात टेकला, मागच्या सीटवर टांग टाकली आणि तिचं हेल्मेट तिच्या हातात दिलं.

"जागोला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"सांग, म्हाताऱ्याचं अजून बघून व्हायचंय."