न हललेल्या घराचे टायर

डेल्मर क्रेब्सला उभ्या आयुष्यात पंक्चर झाले नव्हते. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या ट्रेलर पार्कात हिवाळा काढायला नवे कुटुंब आले, की सामान उतरायच्या आत ही वार्ता त्यांच्या कानी जायची. सांगणारा अर्थात डेल्मरच.

कारण अगदी साधे होते. नेब्रास्कात जन्मभर गालिचे विकून म्हातारपणी तो बायकोला घेऊन इथे आला. चाकांवरचे घर जागेवर लावले, भोवती प्लास्टिकचे हिरवेगार गवत अंथरले, दोन खुर्च्या मांडल्या, झेंडा रोवला. त्यानंतर ते घर वीतभरसुद्धा हलले नाही. बाकीची मंडळी दर वसंतात ट्रेलर गाडीला जोडून उत्तरेला आपापल्या गावी निघत, आणि निघण्यापूर्वी, काय वेडेपणा पाहा, याचाच सल्ला घेत. हा टोपी घालून उकिडवा बसायचा, टायरच्या खाचांत अंगठा खुपसायचा, डोळे बारीक करायचा. "कोरा आहे. बिनधास्त जा." उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. याच्याकडे उंटही नव्हता.

स्वतःच्या टायरांना तो दर रविवारी काळे चकचकीत औषध फासायचा. त्या काळ्याखाली उन्हाने रबराला टाचेसारख्या भेगा पडल्या होत्या, पण भेगा दिसू नयेत म्हणूनच तर औषध असते.

त्या वर्षी मार्च महिन्यात मोंटानाहून लिओनाचा, म्हणजे त्याच्या मेहुणीचा, फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते. "नेडीन, हा उन्हाळा माझ्याकडे काढ," ती बहिणीला म्हणाली. "पुढच्याचं मला विचारू नकोस."

विमानाने जाऊन चार दिवस पाहुणीसारखे बसून परतायचे, हे नेडीनला मान्य नव्हते. ट्रेलर लिओनाच्या अंगणात लावायचा आणि शेवटपर्यंत राहायचे, असे तिने त्याच संध्याकाळी ठरवले. गाडी चालवणारी तीच होती. डेल्मरची पाठ स्टिअरिंगसमोर हटकून दुखायची.

"टायर बदलावे लागतील," ती म्हणाली.

"का? खाचा बघ. झिजलेत का तरी?"

"झिजतील कशाने? उभ्याउभ्या कुजलेत."

"मला आजवर एकदा तरी पंक्चर झालंय?"

"चर्चला तरी कधी झालंय?"

डेल्मर दोन दिवस गाल फुगवून बसला. तिसऱ्या दिवशी मोठ्या औदार्याने ताडपत्रीखालून चार टायर काढून आणले. पार्कातला एक गृहस्थ वारल्यावर त्याच्या सामानाच्या विक्रीत ते त्याला मिळाले होते. कारखान्याच्या साच्यातून निघालेल्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते अजून शाबूत होते. डेल्मरने त्यांवरून मांजराला कुरवाळावे तसा हात फिरवला.

"हे बघ केस. रस्ता पाहिलेलाच नाही यांनी. आणखी काय नवं हवंय तुला?"

नेडीनने चष्मा लावला आणि टायर उलटा केला. बनल्याची तारीख एकाच बाजूला असते. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पिकअपचे टायर घेताना दुकानदार तेच दाखवत होता आणि त्या वेळी हा महापुरुष शेजारी उभा राहून फुकटची कॉफी पीत होता.

"डेल्मर, तुझ्या दुकानाचा शेवटचा सेल कधी होता?"

"आता ते कशाला मध्येच?"

"त्या वर्षीचे आहेत हे. तेव्हा तुझे दोन्ही गुडघे धड होते."

"तारखा कंपन्या छापतात, खपावेत म्हणून. रबर काय दूध आहे नासायला?"

नेडीनने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दाराशेजारी डेल्मरने 'क्रेब्स यांचे सुखधाम' अशी लाकडी पाटी ठोकली होती, तिचे स्क्रू काढले. पाटीखाली ट्रेलर बनवणाऱ्याने लावलेली पट्टी होती. तिच्यावर टायरचा आकार, किती भार, किती हवा, सगळे लिहिलेले. इतकी वर्षे ते सुखधामाने झाकून ठेवले होते. ती गावातल्या टायरच्या दुकानात गेली आणि दुकानदार रेमुंदोला म्हणाली, "ट्रेलरचेच टायर दे. मोटारीचे मऊ पडतात. भाराची ताकद पट्टीवर आहे त्याहून एक पायरी वरची. आणि ताजे. तारीख मी स्वतः वाचणार आहे."

"स्टेपनी, बाई?"

"ती काय देवाने वेगळी बनवलीय? पाचही."

रेमुंदो जॅक घेऊन पार्कात आला. जुना टायर उतरवून त्याने गुडघ्याने दाबला, तशी त्याची चकचकीत बाजू जुन्या चपलेसारखी उकलली. बघ्यांत कुणी हसले नाही. प्रत्येकाला आपापले टायर आठवत होते. डेल्मर झेंड्याची दोरी नीट करायला निघून गेला.

इथे थांबला असता तर तो नुसता मूर्ख ठरला असता. पण निघायच्या आदल्या दिवशी, निरोपाच्या कॉफीला, नेडीनने त्याचा आवाज ऐकला. शेजारचा ऑर्व्हल, बायको गेलेला, एकटा, शनिवारी ओरेगॉनला निघायचा होता.

"ते चार कोरे टायर तू घेऊन जा, ऑर्व्हल. भेट समज. केससुद्धा गेले नाहीत."

"खरं म्हणतोस? देवासारखा धावून आलास."

नेडीन उठली. ट्रेलरच्या खणातून तिने डेल्मरची गालिचे कापायची हुकासारखी वाकडी सुरी काढली, ताडपत्री बाजूला केली आणि चारही टायरांच्या कुशी एकेक करून फाडल्या. रबर इतके ताठरले होते की करकर आवाज आला. सगळे कप हातात धरून बघत राहिले.

"नेडीन, डोकं फिरलंय का तुझं?" डेल्मर म्हणाला.

"ऑर्व्हल, उद्या रेमुंदोकडे जा. माझं नाव सांग," ती म्हणाली आणि सुरी नवऱ्याच्या हातात दिली. "धार बरी आहे अजून."

सकाळी तिने ट्रेलर पिकअपला जोडला. डेल्मर प्लास्टिकच्या गवतावर खुर्चीत हाताची घडी घालून बसून होता. "मी येणार नाही," तो म्हणाला. ती निघाली. आपले घर आपल्याला सोडून चालले आहे, हे त्याच्या ध्यानात यायला फाटकापर्यंतचा वेळ लागला. मग तो धावला. खुर्ची घेऊन धावला.

पहिल्याच पेट्रोल पंपावर नेडीन टायर तापलेत का हे तळव्याने चाचपत होती, तेव्हा पलीकडे डेल्मर एका तरुण जोडप्याला सांगत होता, "खाचांवर जाऊ नका. तारीख बघा. मी तर सगळ्यांना हेच सांगतो."

मोंटानापर्यंत त्याने हे प्रत्येक पंपावर सांगितले. लिओनाच्या अंगणात ट्रेलर शिरला तेव्हा ती ओसरीत पांघरूण घेऊन बसली होती. डेल्मर उतरला आणि टायरांपासूनच सुरुवात केली. लिओनाने थोडा वेळ ऐकून घेतले.

"नेडीन, इतकी वर्षं कसं ऐकलंस गं याचं?"

"ऐकलं कुठे?" नेडीन तिच्याशेजारी टेकत म्हणाली. "ऐकलं असतं तर पोचले असते का तुझ्यापर्यंत? सरक जरा."