बेडूक असा ओरडायचाच नाही

गाण्याला चाल कशी लावतेस गं, असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, "इस्त्री करता करता." आणि त्यात काडीचीही थाप नसायची. तिचा कीबोर्ड इस्त्रीच्या टेबलावर मांडलेला असायचा, कारण घरात तेवढ्या उंचीचं दुसरं काही नव्हतंच. ज्या दिवशी कपडे जास्त, त्या दिवशी संगीत कमी. एकदा चादरीखाली हात घालून तिने अख्खं अंगाईगीत रचलं होतं.

दिवसा ती शाळेत गाणं शिकवायची आणि शनिवारी तिच्या पुढच्या खोलीत गल्लीचा गायकवृंद जमायचा. वृंद म्हणजे काय, तीन टाळकी. शिंपी, बसचे कंडक्टर आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. शिंप्याच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या, त्यामुळे तो बोलायचा ते सगळं शिवण मारून आल्यासारखं. कंडक्टरांना "वरचा सूर घ्या" म्हटलं की "घेतो, पण आधी मधली जागा रिकामी करा, पुढे सरका, पुढे सरका!" आणि डॉक्टरीणबाई गाण्यापूर्वी सगळ्यांना बजावायच्या, "मोठा आऽऽ करा. दुखलं तर हात वर करा."

या वर्षी गावच्या सभागृहाचे व्यवस्थापक स्वतः घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, जणू खुर्चीलाही पुढची मीटिंग असावी. "पर्यावरणावर काहीतरी हवंय, ताई. म्हणजे तापमानवाढ वगैरे. पण थोडं पॉझिटिव्ह ठेवा हं. लोक दिवसभर दमून येतात."

"तळ्यावर करते," ताई म्हणाली.

"कुठलं तळं?" त्यांनी विचारलं. ते गावात नवे होते. त्यांनी तळ्याच्या जागी फक्त भेगाळलेलं मैदान पाहिलं होतं.

ताईने चहा पुढे केला आणि वर छताकडे पाहिलं. वरच्या खोलीत दादा राहायचा, तिचा थोरला भाऊ. तळ्यात पाणी होतं तोवर दादाची होडी या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची. मग उन्हाळे लांबत गेले, पाऊस येईनासा झाला, आला तर एका दिवसात सगळा ओतून मोकळा. तळं आधी होडीपुरतं उरलं, मग बदकांपुरतं, मग उरलंच नाही. दादाने होडी उपडी घातली, वर जाऊन दार लोटलं आणि तेव्हापासून तो जेवायला तेवढा खाली यायचा. तळ्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. ताईने गाणं करायचं ठरवलं ते त्याच्यासाठी. सभागृह भरो न भरो, दादा पहिल्या रांगेत बसायला हवा होता. तो घराबाहेर पडला नाही तर हे सगळं कुणाला ऐकवायचं?

म्हणून तिने आधी त्यालाच विचारलं. "दादा, तळ्यातले आवाज सांग ना मला. बेडूक, पाणकोंबड्या, लव्हाळ्यातला वारा. तुझ्याइतके कुणी ऐकलेत?"

"चिमणे," दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "गेलेल्या माणसाची कुणी नक्कल करतं का? जा, तुझं दूध-बिध उतू जाईल."

दूध तापत नव्हतंच. ताई खाली आली आणि तिने वृंदाला कामाला लावलं. तिची पद्धत ठरलेली. कागद नाही, सूर नाही, आधी डोळे मिटायचे आणि आवाज जसा आठवतो तसा तोंडाने काढायचा. मग ती तो कीबोर्डवर पकडायची.

"शिंपीभाऊ, तुमच्याकडे बेडूक."

शिंप्याने टाचण्या काढल्या, छाती भरली आणि सुरू केलं, "टक-टक-टक-टक-टर्रर्र!"

"अहो, बेडूक असा ओरडायचाच नाही!" कंडक्टर उसळले. "हे तुमचं मशीन झालं. कॉलर शिवताय का?"

"बरं बरं. मग तुमची पाणकोंबडी काढा बघू."

कंडक्टरांनी मान ताठ केली. "टिंग!"

"थांबली बस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन घंट्या आणखी मारल्या की सुटेल."

डॉक्टरीणबाईंकडे लव्हाळ्यातला वारा होता. त्यांनी ओठ आवळून असा काही बारीक "झुंऽऽऽ" काढला की कंडक्टरांनी गाल धरला. "नको हो, अक्कलदाढ आठवली!"

मग जे भांडण लागलं ते विचारू नका. ज्याला त्याला आपलंच खरं वाटत होतं. शिंपी शपथेवर सांगत होता की त्याचा बेडूक अस्सल आहे, लहानपणी रोज ऐकलाय. हसता हसता ताईच्या ध्यानात आलं. आवाज कुणाकडेच उरला नव्हता. जिथे तो होता तिथे मशीन, घंटी आणि ड्रिल येऊन बसलं होतं, आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिने स्वतः डोळे मिटून बेडूक काढून पाहिला. शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखा आला.

"अरे, काय चाललंय काय!" जिन्यावरून आवाज आला. दादा मधल्या पायरीवर उभा होता, लुंगीचा सोगा हातात. "बेडकाचा जीव घेताय की काय?"

ताईला वाटलं, आता हा परत फिरणार आणि महिनाभर जेवायलाही येणार नाही. पण शिंपी भोळा माणूस. तो म्हणाला, "मग तुम्ही काढून दाखवा ना, दादा. आमचं चुकतंय हे आम्हाला कळतंय, पण बरोबर कसं ते कळत नाही."

दादाने लुंगीचा सोगा सोडला. मग त्याने डोळे मिटले, गळा फुगवला आणि काढला. "घर्र... टक्. घर्र... टक्."

डॉक्टरीणबाई जमिनीकडे बघू लागल्या. कंडक्टरांनी उगाच खिसा चाचपला. शेवटी शिंप्यानेच अवघडत तोंड उघडलं. "दादा, राग मानू नका. हा तुमचा टेबलफॅन आहे हो. तुमच्या खिडकीखालीच माझं दुकान, तिथे दिवसभर ऐकू येतो."

दादाने पुन्हा एकदा तोच आवाज काढला, हळू, स्वतःशी. "घर्र... टक्." आणि मग तो पायरीवर मटकन बसला. ताई धावली. तिला वाटलं रडतोय. तो हसत होता. रडतही होता थोडा, पण हसू जास्त.

"चिमणे, मला वाटायचं मी वर बसून तळं जपतोय," तो म्हणाला. "मी तर पंखा जपत होतो गं." नाक पुसून तो उठला. "चल, जाऊन येऊ तिकडे."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

त्याच्या चपलांचे पट्टे वाळून तुटले होते. शिंप्याने आपल्या काढून दिल्या, एक नंबर लहान. दादा टाचा बाहेर काढून, बदकासारखा चालत निघाला. मागे ताई, तिच्यामागे अनवाणी शिंपी, मग बाकीची वरात.

तळ्याच्या पोटात धूळ होती आणि भेगांतून उगवलेलं खुरटं गवत. दादा काठावर अडखळला. मग उतरला, आणि मधोमध जाऊन थांबला. त्याने हात डोक्याच्या वर, शक्य तितका उंच केला. "पाणी याच्याही वर होतं. आपण आत्ता दोन पुरुष खोल आहोत."

"दादा..." ताईने सुरुवात केली.

"बोलू नकोस," तो तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "नाकातोंडात पाणी जाईल."

ताईने तोंड मिटलं. बाकीच्या चौघांनीही मिटलं. आणि मिटल्या तोंडाने तिच्या घशातून जो सूर आला तो तिने कुठल्याही इस्त्रीच्या दिवशी रचला नसता. कंडक्टरांनी तो खालून उचलला, डॉक्टरीणबाईंनी वरून. शिंप्याला तर काही शिकावंच लागलं नाही, बंद तोंडाने गाण्याचा सराव त्याला जन्माचा होता.

सभागृहात गाणं झालं ते असं. आधी मशीन, घंटी, ड्रिल आणि पंखा, जसेच्या तसे, एकही दुरुस्त न करता. लोक खो खो हसले. आणि मग लांबलचक मधला भाग, सगळ्यांची तोंडं बंद. तेव्हा हसू विरत गेलं. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनीही आपलं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"सुंदर," पडद्यामागे व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले. "फक्त मधे आवाज जरा मोकळा सोडायला हवा होता, नाही का? तोंड उघडून?"

दादा पहिल्या रांगेतून उठून थेट तिथे आला होता. त्याने व्यवस्थापकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हाला पोहता येतं का?" त्याने विचारलं.

"नाही, का?"

"मग उद्या सकाळी या माझ्याबरोबर," दादा म्हणाला. "पाणी कुठपर्यंत होतं ते दाखवतो."