जोडीनं बदलायची पाती

माझ्या साडूंना, म्हणजे आमच्या भाऊंना, जगातली कोणतीही वस्तू एकटी बदललेली खपत नाही. चपलेचा एक अंगठा तुटला की ते दोन्ही चपलांचे अंगठे नवे घालून आणतात. बैठकीतली एक ट्यूबलाइट गेली की शेजारची, चांगली उजेड देणारीही उतरवून ठेवतात. चष्म्याच्या एका काचेला चरा पडला तेव्हा चष्मेवाल्याशी तासभर हुज्जत घालून त्यांनी दुसरी काचही बदलून घेतली. मागच्या वर्षी माझ्या स्कूटरचा डावा आरसा फुटला म्हणून मी त्यांच्याकडे पाना मागायला गेलो, तर त्यांनी बोलता बोलता उजवा आरसाही काढून टाकला. "एका बाजूले वजन ठेवून कुठं चालले, साडभाऊ? गाडी थरथरते!" मनासारखी जोडी मिळेपर्यंत आठ दिवस मी नवा रायपूरच्या ऑफिसला बिनआरशाचा जात होतो, आणि मागून येणारा प्रत्येक माणूस हॉर्न वाजवून माझी चौकशी करून जात होता.

आता हे वेड नुसतं वेड नाही, त्यामागे पोटापाण्याचं शास्त्र आहे. भाऊ रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. भाऊ बीरगांवजवळच्या एका ठेकेदाराच्या शेडमध्ये जाऊन बसले. या ठेकेदाराकडे नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांच्या कडेचं गवत कापायचं काम आहे. ट्रॅक्टरच्या मागे एक लोखंडी पेटी जोडतात, पेटीत एक आडवा रूळ गरागरा फिरतो आणि त्या रुळावर बोल्टला लटकवलेली पाती गवताचा भुगा करत जातात. गवतात दगड असतोच. त्याच्यावर आपटून एखादं पातं तुटलं की रूळ त्या बाजूला हलका होतो, सगळं यंत्र थरथरायला लागतं आणि चार दिवसांत बेअरिंगचा चुरा होतो. म्हणून एक तुटलं की त्याच्या नेमकं समोरचं, धडधाकट असलं तरी, काढायचं आणि दोन्ही जागी सारख्या वजनाची पाती घालायची. हे सत्य भाऊंना सापडलं आणि मग त्यांनी ते चपला, चष्मे आणि नातेवाईक अशा सर्व क्षेत्रांत लागू केलं.

पाती निवडायला ते निघाले की दुकानदार आधी पंखा बंद करतो, कारण भाऊंना पातं वाजवून बघायचं असतं. एक पातं दोरीला टांगायचं, दुसऱ्यानं हळूच ठोकायचं आणि डोळे मिटायचे. "हे पाह्य, हे टणटण करून राहिलं. लई कडक हाये, दगडाले लागलं का तुकडा. हे ठप करते, हे आठ दिवसांत झिजते. मले मधातलं पाह्यजे." शंभरातून ते चाळीस उचलतात आणि उरलेली साठ दुकानदाराला अशी परत करतात की जणू त्याच्या मुली नापसंत केल्या. मऊ गवताला वाय आकाराची हलकी पाती. नाल्याकाठी बेशरमीची जाड झुडपं माजलेली असतील तर हातोडीसारखी जड पाती. एकदा ठेकेदारानं बेशरमीवर हलकी पाती पाठवली, तेव्हा भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. निदान तसं ते सांगतात. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण आणि त्यांची धर्मपत्नी, म्हणते की जेवले नाहीत ते घरी; बाहेर समोसे खात होते.

धार लावणं हा तर सोहळाच. ग्राइंडरला क्षणभर टेकवायचं, पाण्यात बुचकळायचं, पुन्हा टेकवायचं. पातं तापून निळं पडलं की त्याचा जीव गेला, असं त्यांचं मत. धारही बेताचीच ठेवायची, कारण गवताला वस्तरा लागत नाही, फटका लागतो. मग वजन. शेडमधला काटा त्यांना भरवशाचा वाटत नाही, म्हणून पाती घरी येतात आणि ताईच्या ओट्यावरच्या वजनकाट्यावर बसतात. दोन ग्रॅमचा फरक निघाला तर पुन्हा ग्राइंडर. वजन जुळलेल्या जोडीला ते तारेनं बांधतात आणि रंगाचा ठिपका देतात. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी माझ्या वाटीतली खीर अर्धी ठेवली तर ते चिडले. "काहून? माह्या समोर बसले तुम्ही. मी पुरी खाल्ली, तुमी अर्धी ठेवली, असं नाई चालत!" खीर संपवावी लागली.

पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे त्यांचा कान. रूळ पूर्ण वेगानं फिरत असताना दहा पावलांवर उभं राहून ते सांगायचे, "तिसऱ्या लाइनीत, उजव्या कोपऱ्यात एकाचा कोना उडाला." पेटी उघडली की तसंच निघायचं. यंत्राला हात लावून बघणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. "हात खोटं बोलते. कान नाई बोलत." याबाबतीत त्यांनी आयुष्यात कोणाला काही विचारलं नाही. ठेकेदारही स्पष्ट सांगायचा, "जब तक काका का कान है, तब तक काका हैं." भाऊ हे वाक्य कौतुकानं सगळ्यांना ऐकवायचे. त्यातली मेख त्यांच्या लक्षात आली नसावी, असं आम्हाला वाटायचं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी ऑफिसला जाताना रस्त्याकडेला ट्रॅक्टर दिसला. भाऊ नेहमीसारखे डोळे मिटून उभे होते. मी स्कूटर थांबवली तर माझ्या पायाखालची जमीन हलत होती, पेटीचं झाकण खडखडत होतं. भाऊंनी हात वर केला आणि जाहीर केलं, "एकदम शुद्ध!"

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गेली चार वर्षं त्यांच्याबरोबर काम करणारा, पिकल्या मिशांचा शांत माणूस. तो माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "साहब, एक ठन ब्लेड टूट गे हे. कका ला चाय पियाय बर ले जाव न."

मी भाऊंना टपरीवर नेलं. अर्धा तास मी त्यांना ऑफिसातल्या इतक्या कहाण्या सांगितल्या की त्यातल्या निम्म्या मला तिथंच रचाव्या लागल्या. परत आलो तेव्हा यंत्र उभं होतं आणि ड्रायव्हर निरागसपणे तंबाखू मळत होता. भाऊंनी सवयीनं झाकण उचललं. समोरासमोरच्या दोन पात्यांवर दोन कोरे नट चमकत होते. भाऊंनी ते पाहिले. मग झाकण हळूच सोडलं आणि "चाला" एवढंच म्हणाले. मला त्या क्षणी माझ्या थापांची फार लाज वाटली.

आठवड्यानं ते स्वतःच मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले. डावा कान बराच गेला होता, उजवा ठीक होता. डॉक्टर म्हणाले, एक मशीन पुरे. "एकाच कानात?" भाऊ खुर्चीतून उठलेच. "अन् डोकं थरथरलं तर?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहिलं. घरी ताईनं निकाल दिला, "एकच घाला गुमान. नाई तर दुसऱ्यात मी कापूस कोंबते!" भाऊंनी एकच घातलं. आयुष्यात त्यांनी जोडीशिवाय घेतलेली ही पहिली वस्तू असावी.

मशीनमुळे त्यांना पुष्कळ ऐकू यायला लागलं. फ्रीजची घरघर, शेजारच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं भांडण, ताई पोळ्या लाटताना तीस वर्षं काय पुटपुटत आली तेसुद्धा. फक्त रुळाचा तो बारीक सूर काही वेगळा निघेना. सगळे आवाज एकदम अंगावर येतात, म्हणाले. ठेकेदार अजून काही बोलला नव्हता. भाऊ रोज शेडमध्ये जात होते आणि ताई रोज ते परत येईपर्यंत दारात होती.

परवा ऑफिसच्या वाटेवर ते पुन्हा दिसले. रूळ फिरत होता. मला तर काहीच वावगं वाटलं नाही. भाऊंनी डोळे मिटले, कानातलं मशीन चाचपलं, बराच वेळ उभे राहिले. मग डोळे उघडून ते ट्रॅक्टरपाशी गेले आणि हातानं खूण करून यंत्र बंद करायला लावलं.

"कसा चालून राहिला रे?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. आता थाप मारायची माझी छाती नव्हती.

"थोरिक कांपत हे, कका," तो म्हणाला.

मला भाऊंचा फार अभिमान वाटला. त्यांनी खिशातून पाना काढला.

"कोन्या बाजूनं?" त्यांनी विचारलं, आणि चांगला कान त्याच्याकडे करून उत्तराची वाट पाहत उभे राहिले.