कागदावरचा फेस

बातमीसाठी दहिवडीला गेलो की दाढी तिथल्या एका न्हाव्याकडेच करायचो. नाव कधी विचारलं नाही. बोटानं गळ्याची कातडी ताणून तो वस्तरा हळू ओढायचा आणि फेस जुन्या पेपरच्या तुकड्यावर पुसायचा. त्या दिवशी तुकड्यावर माझीच बातमी होती. ‘टँकरचालकाची बिनपाण्याने हजामत’ हा मथळा मीच दिला होता, वर ऑफिसात मिरवलाही होता.

"ह्यो डायवर माजा धाकटा भाऊ हाय," तो म्हणाला. "पेपरात आल्यापास्नं घरी न्हाई. फोन बी बंद हाय."

वस्तरा गळ्यावर आला.

"आवं, लिवणाऱ्याला वळखता का तुमी?"

मी आवंढा गिळला. त्याच्या बोटाला तो कळला असणार.

"हलू नका," तो म्हणाला. "हात लय थरथरतोय माजा."